सारखं म्हणजे नेमकं कशासारखं?

चि. चिमीस,


दिवाळी अंकासाठी लिहिलेला तुझा कांदाचाळीवरचा लेख वाचला, मग चहा ठेवला आणि पुन्हा वाचला. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस, 'मावशी, मला उपमा सुचत नाहीत, नुसत्या आठवतात. त्या सुचतात कशा?' अकरावीतल्या मुलीला एवढा फरक कळावा याचा मला फार आनंद झाला. छापायला जाणारा मजकूर तपासण्यात माझं आयुष्य गेलं. दुसऱ्यांच्या वाक्यांवर पेन्सिल फिरवता फिरवता या प्रश्नाबद्दल मनात बरंच साठत गेलं आहे. ते आज तुला सांगते.

आठवलेली उपमा चटकन ओळखू येते. दव आलं की पाठोपाठ मोती येतात, केस आले की मेघ येतात, गर्दी जमली की जनसागर लोटतो आणि पाऊस जरा जास्त झाला की थैमान घालतो. लिहिणाऱ्याने त्या वस्तूकडे पाहिलेलंच नसतं. एका शब्दाने दुसऱ्याला हाताला धरून आणलेलं असतं. ज्याने पहिल्यांदा दवात मोती पाहिला त्याच्याबद्दल मला आदरच आहे, त्याने खरंच पाहिलं होतं. आपण मात्र त्याच्या पाहण्यावर किती दिवस काढायचे?

तुझ्या लेखात वाक्य आहे, 'माझ्या आईचे हात फुलासारखे मऊ आहेत.' व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे यात सगळं जागच्या जागी आहे. आईचे हात हे उपमेय, फूल हे उपमान, मऊपणा हा साधारण धर्म आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. पण चिमे, तुझी आई माझी धाकटी बहीण आहे. तिचे हात मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. ते मऊ नाहीत.

त्या हातांकडे आपण दोघी मिळून पाहू. पात कापताना विळ्याने अंगठ्यावर बारीक चिरा पडल्या आहेत. कांद्याच्या रसाने आणि मातीने त्या काळ्या पडल्या आहेत, साबणाने निघत नाहीत. नखांच्या कडा झिजल्या आहेत. हे झालं दिसणं. आता ते हात करतात काय ते बघ. साठवणीच्या चाळीतून काढलेला कांदा निवडायला बसली की ती तुझ्याशी बोलत असते, नजर तुझ्याकडे असते आणि अंगठा कांद्याच्या मानेवर असतो. मान घट्ट लागली तर कांदा एका ढिगात जातो, किंचित दबली तर दुसऱ्या. बारीक गोल्टी वेगळी पडते, जोड कांदा वेगळा, कोंब आलेला वेगळा. ती एकदाही खाली बघत नाही. मऊपणाशी याचा काय संबंध? त्या हातांचं वैशिष्ट्य हे आहे की त्यांना न बघता कळतं.

साधर्म्य हाती आलं. आता उपमान शोधायचं. पटकन मनात येतं ते असं, की वैद्याने नाडी पाहावी तशी आई कांदा पाहते. चालेल, पण तुमच्या घरात वैद्य कुठे आहे? तो पुस्तकातून आला. त्याच हातांना आणखी कुठे न बघता कळतं, ते आठव. तू कॉलेजातून येऊन गप्प बसलीस की तुझी आई काय करते? भाजी परतता परतता मागे वळते आणि तुझ्या मानेला हात लावते. ताप आहे की नाही हे तिला तेवढ्यात समजतं. मग लिही, 'ताप बघायला माझ्या मानेला हात लावते, तशीच आई कांद्याची मान चाचपते.' हे वाक्य तुझं. तुझ्या घराबाहेरच्या कुणाला ते सुचलं नसतं. शिवाय 'मायेने', 'काळजीने' असली क्रियाविशेषणं त्यात घालावी लागत नाहीत. पोरीला आणि पिकाला एकच हात लागतो हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

सुचणं म्हणतात ते एवढंच आहे. आधी वस्तूकडे इतकं बघायचं की तिचा खरा धर्म हाती यावा, मग तो धर्म आपल्या ओळखीच्या जगात आणखी कुठे आहे ते शोधायचं. बहुतेक जण पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारतात.

आता थोराघरचं उदाहरण सांगते. कालिदासाच्या रघुवंशात सहाव्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर आहे. राजे ओळीने बसले आहेत आणि वरमाला घेतलेली इंदुमती एकेकाच्या समोरून पुढे जाते आहे. कालिदास म्हणतो, ती रात्री राजमार्गावरून जाणाऱ्या दिव्याच्या ज्योतीसारखी होती. ज्या राजाला ओलांडून ती गेली त्याचा चेहरा रस्त्याकडेच्या वाड्यासारखा काळवंडला. या एका उपमेवरून रसिकांनी त्याला 'दीपशिखा कालिदास' म्हणायला सुरुवात केली.

या उपमेत किती गोष्टी बसल्या आहेत ते मोज. राजे मोठे आहेत, वैभवशाली आहेत, पण बसलेले आहेत. वाडेही तसेच, भव्य आणि जागचे न हलणारे. दिवा जवळ येतो तसा वाड्याचा दर्शनी भाग उजळत जातो, तशी इंदुमती जवळ येताना राजाच्या तोंडावर आशा चढत जाते. हे कालिदासाने सांगितलेलं नाही, पण वाडा काळवंडायचा तर आधी उजळायला हवाच, म्हणून ते आपल्याला दिसतं. दिवा पुढे गेला की आधीपेक्षा जास्त अंधार वाटतो, तेही खरं. आणि दिव्याच्या मनात कुणाचा अपमान करायचा नसतो, त्याला फक्त पुढे जायचं असतं. इंदुमतीबद्दल आपल्या मनात राग येत नाही तो यामुळे. 'फुलासारखी इंदुमती' म्हटलं असतं तर ती तिथेच उभी राहिली असती. ज्योत म्हटल्यामुळे ती चालू लागली, आणि तिच्या चालण्याबरोबर अख्खी सभा उजळत विझत गेली. चांगली उपमा वस्तूला चालवते. तू उपमा लिहिलीस की बघ, तिच्यात क्रियापद आहे की नुसतं विशेषण.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी यादी वाढवत नेली. ती तुझ्या पाठ्यपुस्तकात आहे, मी परत सांगत बसत नाही. लिहिणाऱ्याला रोज लागतात ते दोनच, उपमा आणि रूपक. उपमेत दोन वस्तू शेजारी शेजारी असतात, 'सारखं' म्हणून मध्ये थोडी जागा ठेवलेली असते. रूपकात ती जागा काढून टाकतात. हे तेच आहे, असं ठाम म्हणायचं. म्हणून रूपकाची जबाबदारी मोठी. एकदा म्हटलं की ते निभवावं लागतं.

निभवणं म्हणजे काय ते संतांकडे बघ. पंढरपूरचे नरहरी सोनार देवाला म्हणतात, मी तुझा सोनार. एवढ्यावर सोडून देत नाहीत. देह ही शेगडी होते, तीन गुणांची मूस होते, विवेकाचा हातोडा होतो आणि शेवटी ज्ञानाच्या ताजव्यात रामनामाची दोन अक्षरं तोलली जातात. दुकानातलं एकेक हत्यार कामाला लागतं आणि प्रत्येकाला नेमकं तेच काम मिळतं जे त्या हत्याराचं आहे. सेना महाराज व्यवसायाने न्हावी. त्यांच्या अभंगात विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, शांतीचं पाणी डोक्यावर घोळलं जातं आणि अहंकाराची शेंडी पिळली जाते. आता हा आरसा आणि चिमटा अदलाबदल करून बघ, वैराग्याचा आरसा आणि विवेकाचा चिमटा. लगेच बिघडतं. विवेकाने माणसाला स्वतःचं तोंड दिसतं, ते काम आरशाचंच. वैराग्य रुतलेलं उपटून काढतं, ते चिमट्याचं. हा नेमकेपणा ज्याच्या हातात ती हत्यारं रोज असतात त्यालाच साधतो. परमार्थासारख्या हवेत राहणाऱ्या विषयाला या लोकांनी आपापल्या दुकानात आणून बसवलं, यासाठी मला ते फार मोठे वाटतात.

तू लिहिलं आहेस, 'आमची चाळ म्हणजे आमची बँक.' छान रूपक आहे, घरच्या बोलण्यातून आलेलं दिसतं. पण दोनच ओळींनंतर तीच चाळ आईची कूस होते आणि परिच्छेदाच्या शेवटी मंदिर. तिन्हीतलं एकही निभावलं जात नाही. बँक ठेव, बाकी दोन काढ. आणि मग त्या बँकेत आत जा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा ठेव म्हणून भरला. बँकेत ठेव वाढते. इथे ती रोज वजनाने घटते, थोडी सडते, पाऊस आत आला तर कोंब फुटतात. व्याज द्यायचं की नाही हे दिवाळीच्या आसपासचा बाजार ठरवतो, तेही ठेव काढायला गेल्यावर. म्हणजे रूपक मोडलं की नाही? मोडलंच. पण जिथे ते मोडलं तिथेच तुझ्या बाबांचं खरं दुखणं आहे. लिहिणाऱ्याने अशा जागी घाबरून दुसरं रूपक घेऊ नये. तिथेच थांबावं आणि ते कुठे मोडलं ते लिहावं. तुझ्या लेखातली सर्वांत चांगली दोन-तीन वाक्यं तुला तिथे मिळतील असं मला मनापासून वाटतं.

कधीकधी उपमा आपल्याला आधी माहीत नसलेली गोष्ट शिकवते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुन रणांगणावर आप्तांना पाहून गळून जातो, तिथलं हे उदाहरण बघ. प्रत्यक्ष शंकराशी लढलेला हा वीर, आणि नातलगांच्या स्नेहाने त्याचे हातपाय गळाले. ज्ञानेश्वर भुंग्याचा दृष्टान्त देतात. भुंगा कोरडं लाकूड कसलंही असो, कोरून काढतो. तोच कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. प्राण जाईल, पण पाकळी फाडणं त्याला येत नाही.

तुमच्या चाळीच्या बांबूंना काळ्या भुंग्याने पाडलेली गोल गोल भोकं तू पाहिली असशील. खाली लाकडाचा बारीक भुसा पडलेला असतो. तो भुंगा डोळ्यांसमोर आण आणि मग कळी आण. आपण समजतो की माणूस बलवान गोष्टीपुढे हरतो. इथे ज्याच्यात बळ आहे तो जिथे बळ वापरता येत नाही तिथे अडकतो. स्नेह कोवळा असूनही कठीण असतो असं नुसतं सांगितलं असतं तर ते एक सुंदर विधान झालं असतं. भुंग्यामुळे ते पटतं. अर्जुनाला भित्रा म्हणायची सोयच उरत नाही. हा ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला सांगितला गेला. गीतेचे ७०० श्लोक आणि त्यावर सुमारे ९,००० ओव्या. मूळ श्लोकात नसलेल्या अशा शेकडो उपमा त्यात आहेत. मी त्यांना सजावट म्हणायला तयार नाही. विचार त्या उपमांतूनच चालतो, त्या काढल्या तर विचारही निघून जाईल.

हे करायला शिक्षण लागतं असं मात्र समजू नकोस. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. कितीही हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा त्यांनी मनाला दिली. शेताच्या बांधावर ज्याने काठी घेऊन दिवस काढला आहे त्यालाच त्या 'पुन्हा'तला वैताग आणि त्या गुराबद्दलची मायाही कळते. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या, त्या गेल्यानंतर. त्याआधी त्या जात्यावर आणि शेतात काम करता करता म्हटल्या गेल्या होत्या.

तुझ्या आजूबाजूलाही असे कवी आहेत, त्यांना कुणी कवी म्हणत नाही एवढंच. कांदा तयार झाला की पात मानेपाशी आडवी होते. तुझे बाबा काय म्हणतात? 'माना पडायला लागल्या.' निम्म्या माना पडल्या की काढणी करा, असं कृषी खात्याचा माणूसही सांगतो. उसाला डोळे असतात, केळीला फण्या असतात, गहू पोटरीत येतो. कुणीतरी कधीतरी पिकात माणसाचं अंग पाहिलं आणि सगळ्या शेतकऱ्यांनी ते उचललं. आता बोलताना कुणाला मान किंवा पोटरी दिसत नाही. पण तुझ्यासारख्या लिहिणारीने ती पुन्हा बघावी. कांद्याची मान आणि तुझी मान एका वाक्यात आणायचं मघाशी मला सुचलं ते केवळ बाबांच्या त्या बोलण्यामुळे.

एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगायची आहे. उपमा-रूपकं दाखवतात, तशी झाकतातही. तुझ्या लेखात 'यंदा कांद्याने शेतकऱ्याला रडवलं' असं आहे. भाव चढले की वर्तमानपत्रं लिहितात कांद्याने गृहिणींना रडवलं, भाव पडले की लिहितात शेतकऱ्याला रडवलं. दोन्ही वेळा कर्ता कांदा. कांदा कापताना डोळ्यांत पाणी येतं म्हणून हे वाक्य तोंडात सहज बसतं, आणि सहज बसतं म्हणून पुढे कुणी विचारत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा लासलगावच्या बाजारात भाव कोसळले ते कांद्याने पाडले का? निर्णय कुणी घेतला, कशासाठी घेतला, त्याचा भार कुणी उचलला, हे सगळं त्या एका रूपकाच्या मागे दडतं. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस. हे वाक्य तू तरी लिहू नकोस.

दुसरं उदाहरण घरचं आहे. तुझ्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, कर्करोग झाला तेव्हा तू फार लहान होतीस. ती गेल्यावर भेटायला येणारे म्हणायचे, 'शेवटपर्यंत झुंजल्या, पण झुंज अपुरी पडली.' त्यांच्या मनात मायाच होती. पण मी तिच्याजवळ होते, चिमे. ती झुंजत नव्हती. केमोच्या दिवशी ती सकाळी नखं कापून घ्यायची. पिशवीत लिंबू आणि डबीभर लाह्या ठेवायची. येताना गाडीत खिडकीची जागा मागायची आणि वाटेत कुणाच्या शेतात काय लावलंय ते सांगत यायची. औषध लागू पडलं नाही. यात ती कुठे कमी पडली? आजाराला लढाई म्हटलं की बरा झालेला शूर ठरतो आणि गेलेल्याच्या माथी हार येते. अमेरिकन लेखिका सुझान सोन्टाग यांनी १९७८ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्या स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या होत्या. आजाराला आजारच म्हणू द्या, त्यावर रूपकं लादू नका, असं त्यांचं कळकळीचं म्हणणं होतं. आईच्या आजारपणानंतर मला ते पुरतं पटलं. तेव्हापासून कुणाच्या मृत्युलेखात 'झुंज' दिसली की मी लेखकाला फोन करते आणि तो शब्द बदलायची विनंती करते. बहुतेक जण बदलतात.

म्हणून माणसांविषयी लिहिताना उपमा दोनदा तपासत जा. कुणाला किडा म्हटलं, लोंढा म्हटलं, कीड लागली म्हटलं, की त्याच्याशी कसं वागायचं हेही त्या शब्दाने ठरवून टाकलेलं असतं. किडीवर फवारणी करतात, लोंढा अडवतात.

आता राहिला लिलावाचा परिच्छेद. तू चिठ्ठीत लिहिलंस की तिथे एकही उपमा जमली नाही, तो भाग कोरडा झाला आहे. चिमे, त्याला हात लावू नकोस. वस्तू जशी आहे तशी, हुबेहूब सांगणं यालाही आपल्या शास्त्रकारांनी अलंकारच मानलं आहे, स्वभावोक्ती म्हणतात त्याला. ट्रॅक्टरांची रांग, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकणं, बोली सुरू असताना बाबांनी वरचा एक कांदा उचलून, त्याचं सुटलेलं साल काढून तो परत ठेवणं. तिथे 'जणू' आलं असतं तर माझं लक्ष बाबांवरून उडून तुझ्या हुशारीकडे गेलं असतं.

तेव्हा फूल काढ, कूस आणि मंदिर काढ, रडवणारा कांदा काढ. बँकेच्या भागाला आणखी अर्धं पान दे. लिलावाच्या भागात फक्त एक भर घाल. त्या दिवशी क्विंटलला भाव काय निघाला तो आकडा तू लिहिलेला नाहीस. बाबांना विचार, पावती असेल तर बघून घे आणि नेमका आकडा लिही. दिवाळी अंकाचा मजकूर लवकर जातो, म्हणून लेख पोस्टाने न पाठवता फोनवरच पाठव. आईला सांग, मी पुढच्या आठवड्यात फोन करते.

तुझी,
मावशी